तेल केंद्राचं, जमीन राज्याची. मग नायजर डेल्टाच्या राजांकडे उरतं काय?

एमेरे गॉडविन बेबे ओक्पाबी हे नायजेरियातल्या ओगाले या गावांच्या समूहाचे राजे. २०१६ मध्ये ते लंडनला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर आपल्या भागातल्या दूषित पाण्याची बाटली होती. शेल या तेल कंपनीविरुद्ध दाखल झालेल्या खटल्यासाठी ते आले होते. आमच्या जमिनीत आणि पाण्यात वर्षानुवर्षं तेल गळतंय, त्याची भरपाई आणि साफसफाई कंपनीने करावी, अशी ओगालेच्या लोकांची मागणी आहे.

हा खटला इंग्लंडमध्ये चालू शकतो की नाही, हे ठरायलाच काही वर्षं गेली. खालच्या दोन न्यायालयांनी नकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने मात्र परवानगी दिली. आता मुख्य सुनावणी २०२७ मध्ये अपेक्षित आहे.

या बातम्या वाचताना एक प्रश्न पडतो. नायजेरिया तर प्रजासत्ताक आहे. तिथे राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, खासदार सगळे आहेत. मग गावाचं गाऱ्हाणं घेऊन 'राजा' का येतो?

राजे म्हणजे नेमके कोण?

नायजर नदी समुद्राला मिळते तिथे खाड्या, दलदल आणि खारफुटीचा मोठा प्रदेश आहे. इथे इजॉ, उरहोबो, इट्सेकिरी, ओगोनी, इसोको असे अनेक समाज राहतात. प्रत्येकाची भाषा वेगळी आणि राजाची पदवीही वेगळी. बॉनी, ओपोबो, नेम्बे या इजॉ नगरांमध्ये राजाला 'अमान्यानाबो' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'नगराचा धनी'. इट्सेकिरींचा राजा 'ओलू', तर उरहोबोंचा 'ओव्हिए'.

हे राजे जुन्या जगातच अडकलेले असतात असं नाही. आल्फ्रेड डिएटे-स्पिफ नौदलात अधिकारी होते. १९६७ मध्ये ते रिव्हर्स राज्याचे पहिले लष्करी गव्हर्नर झाले आणि पुढे ट्वॉन-ब्रासचे अमान्यानाबो. म्हणजे सरकार चालवलेला माणूसच नंतर राजाच्या आसनावर बसला.

कागदावर अधिकार किती?

फारच थोडे. जमिनीखालचं तेल आणि वायू नायजेरियाच्या केंद्र सरकारच्या मालकीचे आहेत. १९७८ च्या जमीन कायद्याने राज्यातली जमीन गव्हर्नरच्या ताब्यात दिली. सध्याच्या राज्यघटनेने राजांना कारभारात सत्तेचं पद दिलेलं नाही. उलट राजाला मान्यता देणं राज्य सरकारच्या हातात आहे. अधिकाराचा दंड गव्हर्नर देतो आणि गव्हर्नरची मर्जी फिरली तर राजाचं पद धोक्यात येऊ शकतं.

म्हणजे नाव 'नगराचा धनी', पण ना तेल त्याचं, ना जमीन. तरीही कंपनीला विहीर खोदायची असो, सरकारला तंटा मिटवायचा असो की गावाला दाद मागायची असो, सगळे आधी राजाचं दार ठोठावतात. 'गावाच्या वतीने बोलतो तो हा माणूस' अशी ओळख त्याच्याकडे आहे. डेल्टामध्ये या ओळखीची किंमत नेहमीच मोठी राहिली आहे.

तेलाआधीचं तेल

एकोणिसाव्या शतकात इथून पामतेल युरोपला जायचं. साबणासाठी आणि यंत्रांच्या वंगणासाठी त्याला मोठी मागणी होती. किनाऱ्यावरचे राजे आतल्या भागातून तेल आणून गोऱ्या व्यापाऱ्यांना विकत. हा व्यापार त्यांच्या हातात असल्यामुळेच ते ब्रिटिशांच्या डोळ्यांत खुपले.

जाजाची गोष्ट यातली सर्वात प्रसिद्ध. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बॉनीतल्या एका मोठ्या व्यापारी घराण्याचा प्रमुख झाला. १८६९ मध्ये त्याने ओपोबो हे स्वतःचं राज्य वसवलं. ब्रिटिश व्यापाऱ्यांना तो थेट आत शिरू देईना. १८८७ मध्ये ब्रिटिश अधिकारी हॅरी जॉन्स्टनने सुरक्षिततेची हमी देऊन त्याला बोलणीसाठी बोलावलं आणि तिथूनच हद्दपार केलं. वेस्ट इंडीजमध्ये काही वर्षं काढल्यावर परतीच्या वाटेवर १८९१ मध्ये तो वारला.

१८९४ मध्ये इट्सेकिरींचे नेते नाना ओलोमू यांचं ठाणं ब्रिटिशांनी उद्ध्वस्त केलं आणि त्यांनाही हद्दपार केलं. १८९५ मध्ये नेम्बेचे राजे कोको यांनी रॉयल नायजर कंपनीच्या अकासा इथल्या ठाण्यावर हल्ला केला, कारण कंपनीने त्यांच्या लोकांचा व्यापारच बंद पाडला होता. ब्रिटिश नौदलाने नेम्बे जाळून त्याचा सूड घेतला. या तिघांनंतर डेल्टाच्या राजांच्या हाती मान राहिला, पण व्यापार गेला.

राजांऐवजी नवे आवाज

१९५६ मध्ये आजच्या बायेल्सा राज्यातल्या ओलोइबिरी इथे खनिज तेल सापडलं. या वेळी करार कंपनी आणि सरकार यांच्यात होते. गावाच्या वाट्याला वाहिन्या, जळत्या वायूच्या ज्वाळा आणि गळती आली.

मग राजांऐवजी वेगळेच लोक पुढे आले. फेब्रुवारी १९६६ मध्ये आयझॅक अडाका बोरो या इजॉ तरुणाने 'नायजर डेल्टा प्रजासत्ताक' जाहीर केलं. ते १२ दिवस टिकलं. १९९० मध्ये लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओगोनी लोकांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. जानेवारी १९९३ मध्ये तिच्या हाकेला प्रतिसाद देत सुमारे ३ लाख लोक शांततेने रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी शेलने ओगोनी भागातलं उत्पादन थांबवलं.

पण 'गावाच्या वतीने कोण बोलणार' हा वाद ओगोनींमध्येच पेटला. काही जुने मानकरी सरकारशी जुळवून घेतात, असा तरुणांचा संशय होता. मे १९९४ मध्ये जमावाने चार ओगोनी मान्यवरांची हत्या केली. सारो-विवा तिथे हजर नव्हते. तरीही लष्करी राजवटीने त्यांच्यासह नऊ जणांना विशेष न्यायाधिकरणापुढे उभं केलं आणि १० नोव्हेंबर १९९५ ला फाशी दिली. जगभर संताप उसळला. राष्ट्रकुलाने नायजेरियाचं सदस्यत्व स्थगित केलं.

जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी या नऊ जणांना मरणोत्तर माफी दिली. पण माफी गुन्हेगाराला देतात, आम्हाला निर्दोषत्व हवं, असं अनेक ओगोनींचं आणि मानवाधिकार संघटनांचं म्हणणं आहे.

आज पैसा कोणाच्या हातून जातो?

२०२१ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार तेल कंपनीने आधीच्या वर्षातल्या चालू खर्चाच्या ३ टक्के रक्कम स्थानिक गावांच्या विकास न्यासात भरायची आहे. ऐकायला बरं वाटतं, पण त्यात दोन मेखा आहेत. न्यासाचे विश्वस्त गावाशी सल्लामसलत करून कंपनीच ठरवते. आणि वाहिनीची नासधूस झाली, तर दुरुस्तीचा खर्च गावाच्या वाट्यातून कापला जातो. सल्लामसलत कोणाशी करायची, हा मुद्दा आला की पुन्हा राजा मध्ये येतो. त्यामुळे राजा कोण व्हावा यावरचे वादही केवळ मानापुरते राहत नाहीत.

राजांना स्पर्धाही आहे. एकेकाळी सशस्त्र गटाचे म्होरके असलेले 'टोम्पोलो' यांच्याशी संबंधित कंपनीला २०२२ मध्ये तेलवाहिन्यांवर पहारा ठेवण्याचं मोठं सरकारी कंत्राट मिळालं. डेल्टात वजन मिळवण्याचा हाही एक मार्ग आहे.

ओगालेचा खटला का महत्त्वाचा?

संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या अहवालानुसार ओगालेतल्या एका वस्तीच्या पिण्याच्या पाण्यात बेंझीन हे कर्करोगकारक रसायन मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त होतं. तिथल्या वाहिन्यांत सरकारी तेल कंपनीचीही एक आहे. बहुतेक गळती तेलचोरी आणि बेकायदा शुद्धीकरणामुळे होते, असा शेलचा बचाव आहे. प्रत्येक गळतीला जबाबदार कोण, हे न्यायालयाला ठरवायचं आहे.

दरम्यान, मार्च २०२५ मध्ये शेलने डेल्टातला जमिनीवरचा व्यवसाय रेनेसन्स या समूहाला विकला. कंपनी निघून गेल्यावर जुनी घाण कोण काढणार, ही गावांची मुख्य भीती आहे. ओगोनी भागात पुन्हा तेल काढण्याबाबत सरकारने बोलणीही सुरू केली आहेत. त्या टेबलावर ओगोनींच्या वतीने कोण बसणार आणि सही कोण करणार, यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे.