दाढीवाल्या सरड्याचं बाळ घरी आलं तर...

कुत्रा, मांजर, काचेच्या पेटीतले मासे, इथवरचे मुलांचे हट्ट आपल्या ओळखीचे. हल्ली त्यात 'बिअर्डेड ड्रॅगन'ची भर पडली आहे. नाव ऐकून दचकू नका! हा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या, उष्ण प्रदेशातला सरडा. गळ्याखालची काटेरी कातडी फुगली की ती काळी पडते नि दाढीसारखी दिसते. वाढून दीड-दोन फुटांचा होतो आणि नीट सांभाळला तर ८-१० वर्षे जगतो. म्हणजे चौथीतला मुलगा कॉलेजात जाईपर्यंत! तोवर त्याचं खाणंपिणं कुणाच्या गळ्यात पडणार, हे तुम्हाला सांगायला हवं का?

पहिली गोष्ट, पिल्लाला जिवंत किडे लागतातच. मोठेपणी तो बराचसा पाल्यावर राहतो, पण वाढीच्या वयात मुख्य आहार किड्यांचा. दूधभातावर हे बाळ जगत नाही. तेव्हा घरात शाकाहार कडक असेल तर आधीच विचार करावा. दिवसातून दोन-तीनदा, १०-१५ मिनिटांत संपतील एवढे छोटे रातकिडे द्यावेत. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. उरलेले लगेच काढावेत, नाहीतर रात्री तेच त्याला चावतात. जोडीला किसलेला लाल भोपळा, दुधी, जास्वंदीच्या पाकळ्या. पालक मात्र टाळावा, त्याने कॅल्शियम अंगी लागत नाही.

आमच्या सापगावकडे, शहापूर-मुरबाड भागात, किड्यांना काय तोटा, असं वाटेल. पण भाजीच्या मळ्यातले नाकतोडे धरून घालू नका. फवारणीचं औषध त्यांच्यामार्फत पिल्लाच्या पोटात जातं. आणि पावसाच्या तोंडावर चमकणारे काजवे तर मुळीच नकोत. काजव्यांच्या काही जाती इतक्या विषारी असतात की एकाच काजव्यानं हा सरडा दगावतो. पैदाशीचे रातकिडेच विकत घ्यावेत, नाहीतर जाळीच्या झाकणाच्या डब्यात घरी वाढवावेत.

दुसरी गोष्ट हाडांची. ऊन नि कॅल्शियम कमी पडलं की मुलांना मुडदूस होतो ना, तसंच या पिल्लाचं होतं. पाय थरथरले, जबडा मऊ लागला की लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवावं. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी आणि सकाळचं ऊन द्यावं. सावलीचा कोपरा हवा, नि मांजर-कावळ्यांवर नजर हवी. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, हवे ते किरण काच अडवते. बाकी अतिनील किरणांचा खास दिवा दिवसाला १०-१२ तास लागतो. पेटीची एक बाजू ४० अंशांच्या आसपास गरम, दुसरी २५-२६ अंश असावी.

आपल्याकडचे चार महिने त्याला जड जातात. पेटीत हवा खेळती ठेवावी. तळाशी वाळू नको, पोटात गेली तर आतडं तुंबतं. त्यापेक्षा जुनं वर्तमानपत्र अंथरून रोज बदलावं. पावसात वीज गेली नि दिवा विझला तर खायला घालू नये. ऊब नसेल तर त्याला अन्न पचत नाही.

आता आपल्या मुलांचं. या प्राण्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्यांनी जुलाब-ताप होतो. हाताळल्यावर साबणानं हात धुवायचेच. त्याची भांडी ओट्यावर आणू नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती तो देऊ नये.

कुणी रानातलं घोरपडीचं पिल्लू आणून दिलं तर साफ नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. तिला पाळणं गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची.

दिवा, किडे, डॉक्टर यांचा खर्च आणि रोजचा वेळ, हे सगळं जमणार असेल तरच होकार द्यावा. कंटाळा आला म्हणून परदेशी जीव रानात सोडणं हे पापच. नसेल जमत, तर मुलांना कुंपणावरचा आपला सरडा दाखवा. तो रंग बदलतो, मान हलवतो आणि आपलं पोट आपणच भरतो!