कस्तुरचंद पार्कमधला मुका मंडप

हिवाळ्यातील एखाद्या रविवारी सायंकाळी कस्तुरचंद पार्क मेट्रो स्थानकातून खाली उतरणाऱ्या माणसाच्या नजरेत प्रथम भरते ते विस्तीर्ण मैदान, आणि मग मैदानाच्या मध्यभागी खांबांवर छत तोलून उभा असलेला जुना, देखणा मंडप. नावात ‘पार्क’ असले तरी नागपूरकरांच्या लेखी हे मैदानच. सर कस्तुरचंद डागा यांचे नाव धारण करणाऱ्या या मैदानाने राजकीय सभा पाहिल्या, दसऱ्याचे रावणदहन पाहिले, प्रजासत्ताकदिनाची संचलने पाहिली. वारसा स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. त्याच्या दुरवस्थेची दखल गेल्या दशकात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठालाही घ्यावी लागली. या साऱ्या गदारोळात मधला मंडप मात्र मुकाच राहिला.

त्या मंडपाची घडण पाहिली की हे मौन अधिकच खटकते. ब्रिटिश अमदानीत देशातील अनेक शहरांच्या उद्यानांत वादनासाठी असे चबुतरे बांधले गेले. जमिनीपासून उंचावलेली बैठक, चारी बाजू मोकळ्या आणि वर छत, अशी ही रचना. छतामुळे आवाज आकाशात विरून न जाता भोवतालच्या श्रोत्यांपर्यंत पोचतो. बाजू मोकळ्या असल्याने पुढची रांग आणि मागची रांग हा भेद उरत नाही. बंगळूरच्या कब्बन पार्कमध्ये असा चबुतरा आजही उभा आहे. लंडनच्या उद्यानांत उन्हाळ्यात बँड ऐकण्याची परंपरा अद्याप टिकून आहे. राज्यकर्ते गेले, त्यांचा बँड गेला, हे योग्यच झाले. परंतु बागेत बसून विनामूल्य संगीत ऐकण्याची कल्पनाही त्यांच्याबरोबर बोटीत बसवून पाठविण्याचे काही कारण नव्हते.

नागपुरात संगीताचा दुष्काळ आहे, असे कोणी म्हणणार नाही. ज्या शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे वसंतराव देशपांडे यांनी गाण्याचे धडे घेतले, त्या शहरात आज वसंतरावांच्या नावाचे सभागृह आहे. २०१७ साली रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावाचे भव्य सभागृह उभे राहिले. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून येथे आहे. ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर २०१७ पासून भरणाऱ्या खासदार सांस्कृतिक महोत्सवाला हजारो लोक लोटतात. फुटाळा तलावावर २०२२ मध्ये संगीत कारंज्याचे प्रयोगही झाले. तेव्हा प्रश्न संगीत आहे की नाही हा नसून, ते कोणत्या स्वरूपात लोकांपर्यंत पोचते, हा आहे.

सभागृहात जाण्यासाठी आधी ठरवावे लागते, तिकीट किंवा प्रवेशिका मिळवावी लागते. महोत्सव वर्षातून एकदा येतो. तेथे कलावंत दूरच्या उजेडातील ठिपक्याएवढा दिसतो आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतीतून त्याचा आवाज अंगावर आदळतो. कारंज्याचे पाणी ध्वनिमुद्रित सुरांवर नाचते. तेथे गाणारा माणूसच नाही. या तिन्ही गोष्टींना आपापली जागा आहे. परंतु वाटेने जाता जाता थबकावे, दहा मिनिटे ऐकावे, आवडले तर बसावे आणि न आवडले तर निघून जावे, अशी सोय यांपैकी एकीतही नाही. आणि रसिक घडतो तो बहुधा अशा थबकण्यातून. जुन्या गणेशोत्सवातील मंडपांत गवई गात, तेव्हा सतरंजीवरच्या मानकऱ्यांइकेच रस्त्यावर उभे राहून ऐकणारेही असत. कचेरीतून परतणारा कारकून, शिकवणी आटोपलेला मास्तर आणि त्यांचे बोट धरून आलेले पोर यांची संगीताची शाळा ती हीच. तेथे प्रवेशशुल्क नव्हते आणि अज्ञानाची लाजही नव्हती.

ही शाळा बंद पडण्यास ध्वनिप्रदूषणाचे नियम कारण झाले, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. २००० सालच्या नियमांनी आणि २००५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी केली. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्य शासनास राहिली. १९५३ पासून चालत आलेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही आपल्या रात्रभराच्या बैठका आवरत्या घ्याव्या लागल्या. उत्तररात्रीचे राग उघड्या मांडवात ऐकण्याचे सुख त्यामुळे दुर्मीळ झाले, ही हानी खरीच. तरीही रुग्णाला आणि परीक्षार्थीला झोप मिळावी, हा हक्क कोणत्याही मैफलीहून मोठा आहे. शिवाय हे नियम गाण्याच्या गळ्याला नव्हे, कर्ण्याच्या गळ्याला आवर घालतात. पूरिया, मारवा, यमन हे राग तर दिवेलागणीच्या सुमाराचेच. त्यांना दहाच्या ठोक्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मैदानाच्या चहूबाजूंनी वाहतूक अखंड वाहते. तेथे तंबोऱ्याचा झंकार कोणाला ऐकू येणार? हे खरे आहे, आणि म्हणूनच ज्या वाद्यांचा जन्म मोकळ्या हवेतला आहे त्यांना येथे अग्रमान मिळावा. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. तेथील लष्करी वादकांना निमंत्रण देता येईल. सनई-चौघडा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव पोचविलेले खंजिरी भजन आहे. भीमगीते आहेत, कव्वाली आहे, झाडीपट्टीची दंडार आहे. विदर्भाचे हे संगीत बंद दालनांसाठी जन्मलेच नाही. कंठसंगीतासाठी माफक ध्वनिवर्धन पुरेल. कर्ण्यांचे मनोरे उभारले की मंडपाचे प्रयोजनच संपते.

करावयाचे ते फार थोडे आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात उघड्यावर बसणे शक्य नाही; पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत सतरा-अठरा रविवार मिळतात. दर रविवारी सायंकाळी ठरलेल्या वेळी दीड तास वादन-गायन व्हावे. शहरातील संगीत विद्यालयांच्या विद्यार्थ्यांना आळीपाळीने संधी मिळावी आणि कलावंतांना मानधन द्यावे. वारसा वास्तूच्या दगडाला खिळा ठोकला जाऊ नये, फलक टांगले जाऊ नयेत. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि वृद्धांसाठी चार बाके असली म्हणजे झाले. सत्कार, शाली आणि प्रास्ताविके यांना मात्र सक्त मनाई असावी. दीड तासातला पाऊण तास तेथेच जातो, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

पहिल्या रविवारी पन्नास माणसे जमली तरी त्यात अपयश मानू नये. गर्दी हे सभेचे यश असते; बागेतल्या संगीताचे यश म्हणजे पुढच्या रविवारी तीच माणसे शेजाऱ्याला घेऊन परत येणे. मोठ्या महोत्सवांना लागणाऱ्या पैशाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. लागते ती चिकाटी, आणि तिची तरतूद कोणत्याच अंदाजपत्रकात करता येत नाही. मंडपाची डागडुजी शासन करील, न्यायालय ती करवूनही घेईल. परंतु ज्या वास्तूत कोणी बसत नाही, गात नाही, ऐकत नाही, ती कितीही जपली तरी वस्तुसंग्रहालयातील वीणेसारखीच राहते. तारा शाबूत असतात, पण त्यांतून सूर निघत नाही.