मोठा व्हॉल्व्ह हवाय कशाला?

जुन्या मिनीच्या १२७५ सीसी इंजिनाला टर्बो लावायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: "एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मोठे घाल." का रे बाबा? पुढे टर्बाइन वाट अडवून बसलंय, तिथे मोठ्या व्हॉल्व्हने असं काय मिळणार? शिवाय दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचा धूर एकाच पोर्टातून जातो, म्हणजे तिथे आधीच भट्टी. व्हॉल्व्ह मोठा केला की दोन सीटांमधली पट्टी आणखी बारीक होते, आणि हेडला तडा नेमका तिथेच जातो!

व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरते. म्हणून सीट अंमळ रुंदच ठेवा. फ्लो-बेंचवाल्यांना हे पटणार नाही... त्यांच्या यंत्रावर हवा थंड असते ना.

एमजी मेट्रो टर्बोत (१९८२) कंपनीनेच सोडियम भरलेले व्हॉल्व्ह दिले होते. सोडियम ९८ अंशांना वितळतं आणि आत हिंदकळत उष्णता दांड्याकडे नेतं. वापरलेले मात्र घेऊ नका. पोकळ दांडा तुटला की पिस्टनही गेला. बेताच्या बूस्टला २१-४एन स्टेनलेस पुरतं, जास्तीला इन्कोनेल.

आणि टायटॅनियम? हलकेपणाचा फायदा चढ्या आरपीएमला. आपलं इंजिन सहा हजारालाच धापा टाकतं, राव.