सुट्टी कुणाची, समुद्र कुणाचा?

डिसेंबर लागला की न्यूयॉर्क, शिकागो, बोस्टन ही शहरे गोठू लागतात. साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जाहिराती सुरू होतात : बर्फ मागे टाका, हवाई बेटांवर या, निळ्या लाटांवर सर्फिंग करा. या शहरांत आता आपलीही मुले-मुली आहेत. कुणी शिष्यवृत्तीवर शिकायला गेले, कुणी नोकरीसाठी. त्यांच्यापैकी एखाद्याने सर्फिंगची फळी हातात धरून समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो टाकला की आपल्यात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, समाज इकडे होरपळतोय आणि तुम्हाला चंगळ सुचते? दुसरा म्हणतो, आम्ही आमच्या कष्टाचे कमावले, आम्ही उपभोगणार, तुम्ही कोण विचारणारे?

मित्रांनो, या दोन्ही भूमिका आंबेडकरी विचारांच्या कसोटीवर टिकत नाहीत. पहिलीला फुरसतीचे मोल कळलेले नाही आणि दुसरीला त्या फुरसतीची किंमत कोण चुकवतो हे पाहायचे नाही.

आधी पहिली भूमिका घेऊ. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. पण त्याच बाबासाहेबांनी मजूरमंत्री झाल्यावर कामगारांसाठी काय मागितले? अठरा तास नव्हे. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्या कारकिर्दीतली. कारखाना कामगाराला पगारी सुट्टी देणारे विधेयकही त्यांनीच कायदेमंडळात मांडले आणि १९४५ मध्ये त्याचा कायदा झाला. याच काळात लिहिलेल्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधावर हल्ला चढवला. त्यामागचा युक्तिवाद साधा आहे. दिवसभर नुसते राबण्यात आयुष्य गेले तर माणूस आणि जनावर यांत फरक उरत नाही. संस्कृतीला फुरसत लागते आणि यंत्र ती फुरसत सर्वांना देऊ शकते.

जातिव्यवस्थेने केवळ श्रमिकांची विभागणी केली नाही, तिने फुरसतीचीही विभागणी केली. वरच्यांना रिकामा वेळ, ग्रंथ, संगीत. खालच्यांना वेठबिगारी आणि येसकरपाळी. ज्याच्या आजोबाला रात्री-बेरात्री पाटलाचा निरोप घेऊन पळावे लागले, त्याच्या नातवाने चार दिवस समुद्रावर काहीही न करता घालवले तर तो समाजद्रोह नाही. तो त्याचा हक्क आहे.

मग दुसरी भूमिका बरोबर ठरते का? नाही. कारण प्रश्न नुसता सुट्टीचा नाही, ज्या समुद्रावर ती सुट्टी घालवायची त्या समुद्राचाही आहे.

सर्फिंग हा गोऱ्यांचा खेळ आहे, असा अनेकांचा समज असतो. फोटोत सोनेरी केसांचेच चेहरे दिसतात म्हणून. वास्तविक हवाईच्या मूलनिवासींनी हा खेळ शतकानुशतके जोपासला. त्यांच्या भाषेत त्याला 'हेए नालू' म्हणतात. पुरुष, बायका, मुले सगळेच लाटांवर उतरत. त्यांच्याकडे हिवाळ्यात 'मकाहिकी' नावाचा सुमारे चार महिन्यांचा काळ असे. त्यात युद्ध निषिद्ध होते. करभरणी उरकली की खेळ आणि उत्सव चालत. म्हणजे आज विमानाचे तिकीट काढून विकत घेतली जाणारी हिवाळी सुट्टी तिथल्या लोकांच्या पंचांगातच होती. लाटाही त्याच मोसमातल्या. उत्तर पॅसिफिकमध्ये हिवाळी वादळे उठतात आणि ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर त्यांच्या अजस्र लाटा येऊन आदळतात.

पण म्हणून जुने हवाई म्हणजे समतेचे नंदनवन होते, असे मानण्याचे कारण नाही. आपण तरी अशा भुलाव्याला फसू नये. तिथे 'कापू' नावाची विधिनिषेधांची कडक व्यवस्था होती. सरदारवर्गाच्या फळ्या वेगळ्या, काही किनारे त्यांच्यासाठी राखीव. स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवायचे नाही, स्त्रियांनी अमुक पदार्थ खायचे नाहीत. सगळ्यात तळाला 'कउवा' नावाचा बहिष्कृत वर्ग होता. त्यांची वस्ती वेगळी आणि त्यांचा स्पर्श विटाळ मानला जाई. हे वाचताना आपल्या अंगावर काटा येतो, कारण हे आपल्या ओळखीचे आहे. १८१९ मध्ये राजा लिहोलिहो भर पंगतीत स्त्रियांच्या शेजारी बसून जेवला आणि त्या एका जेवणाने कापूची व्यवस्था कोसळायला सुरुवात झाली. रोटीबंदी मोडली की सामाजिक उतरंडीला तडा जातो, हे आपल्याला कुणी वेगळे शिकवायला नको.

दुर्दैव असे की, जुने जोखड उतरते न उतरते तोच नवे आले. १८२० मध्ये अमेरिकन मिशनरी आले. बाहेरून आलेल्या रोगांनी माणसे मरत होती. एकेकाळी लाखांत असलेली मूलनिवासींची संख्या १८९० च्या सुमारास चाळीस हजारांवर आली. जमीन उसाच्या मळेवाल्यांकडे गेली. जानेवारी १८९३ मध्ये अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना मळेवाले आणि व्यापारी गोऱ्यांच्या गटाने राणी लिलिउओकलानीची सत्ता उलथवली. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली. शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने ठराव करून माफी मागितली. माफी मिळाली, जमीन मिळाली नाही.

आणि सर्फिंग? माणसेच उरली नाहीत तेव्हा खेळही ओसरला. मग १९०८ मध्ये वायकिकीच्या किनाऱ्यावर प्रामुख्याने गोऱ्यांचा 'आउटरिगर कनू क्लब' निघाला आणि सर्फिंग पर्यटकांना विकले जाऊ लागले. मूलनिवासींनी 'हुई नालू' हा आपला क्लब उभा केला. त्यातला ड्यूक कहानामोकू १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकला आणि त्याने सर्फिंग जगभर नेले. ज्या वायकिकीत आज हॉटेलांचे मनोरे उभे आहेत, तिथे अळूची खाचरे आणि मत्स्यतळी होती. १९२० च्या दशकात कालवा खणून ती पाणथळ जमीन कोरडी केली गेली.

आता कायदा पाहा. हवाईत समुद्रकिनारा सार्वजनिक आहे. भरतीच्या लाटा जिथवर पोचतात तिथवर कुणीही जाऊ शकतो. पण किनाऱ्यापर्यंतची वाट बंगल्यांच्या आणि रिसॉर्टच्या कुंपणातून जाते आणि त्या वाटेवरून भांडणे होतात. महाडचे चवदार तळे आठवा. नगरपालिकेने ठराव करून तळे खुले केले होते. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तिथे जाऊन पाणी प्यावे लागले आणि त्यानंतरही न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. हवाईतला वसाहतवाद आणि आपल्याकडची जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकच आहेत असे म्हणणे आळशीपणाचे होईल. पण कागदावर खुले आणि व्यवहारात बंद, ही पाण्याची कहाणी दोन्हीकडे सारखी आहे.

शेवटचा मुद्दा श्रमाचा. अमेरिकेत पगारी सुट्टी सक्तीची करणारा एकही संघराज्यीय कायदा नाही. म्हणजे बाबासाहेबांनी भारतातल्या कारखाना कामगाराला १९४५ मध्ये जे कायद्याने दिले, ते जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातल्या बहुतेक कामगारांना आजही मालकाच्या मर्जीवर मिळते. सॉफ्टवेअर अभियंता थंडीतून पळू शकतो. त्याच थंडीत सायकलवरून जेवण पोचवणारा, फुटपाथवरचा बर्फ उपसणारा पळू शकत नाही. आणि बेटावर पोचल्यावर खोली कोण आवरते? २०१८ मध्ये वायकिकी आणि माउईतल्या हॉटेलांचे सुमारे २७०० कामगार ५१ दिवस संपावर होते. जगण्यासाठी एक नोकरी पुरली पाहिजे, एवढीच त्यांची घोषणा होती. पर्यटकांचे नंदनवन चालवणाऱ्यांना त्याच बेटावर राहणे परवडत नाही!

हवाईच्या विदुषी आणि कार्यकर्त्या हौनानी-के ट्रास्क यांनी तर पर्यटकांना स्पष्ट सांगितले होते की, येऊ नका. हे ऐकून कुणी बेत रद्द केला तर त्याचा आदर केला पाहिजे. पण जो जाणार असेल, त्याच्याकडून आपल्या चळवळीची किमान अपेक्षा काय? संप चालू असलेल्या हॉटेलात पाय ठेवू नये. सर्फिंग शिकायचे तर मूलनिवासी शिक्षकाकडून शिकावे. तिथल्या लोकांची भूमिका त्यांच्याच तोंडून ऐकावी, आपल्याकडच्या लढ्याची त्यांना ओळख करून द्यावी. आणि परत आल्यावर आपल्या शहरातल्या डिलिव्हरी कामगाराच्या पगारी सुट्टीच्या मागणीमागे उभे राहावे. फोटो जरूर टाकावा, पण त्याखाली त्या किनाऱ्याचा इतिहासही चार ओळी लिहावा.

आपल्याला सुट्टी नाकारायची नाही, ती मूठभरांच्या हातून सोडवून सर्वांची करायची आहे. आपल्या फुरसतीसाठी दुसऱ्या कुणाची फुरसत आणि जमीन हिरावली जात असेल, तर ती उपभोगताना आपण कुणाच्या जागी जाऊन बसलो आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. कारण ती जागा आपण चांगलीच ओळखतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण तिच्या खाली होतो.

जय भीम!