औषध विकायला बारा आठवड्यांचा कोर्स, मूल सांभाळायला काहीच नाही. पाळणाघरांच्या नियमांचं घोडं कुठे अडलंय?

द्राक्षबागेत विरळणी आणि डिपिंगचं काम निघालं की दिंडोरी, निफाडच्या पट्ट्यात सकाळी सातपासून बायांच्या गाड्या भरून निघतात. पेठ-सुरगाण्याकडून कुटुंबच्या कुटुंबं कामाला उतरतात. अशा वेळी दोन-अडीच वर्षांचं पोर जातं कुठे? एक तर आजीकडे, नाहीतर शेजारच्या एखाद्या मावशीकडे. तेही जमलं नाही तर आईबरोबर बागेत, झाडाला बांधलेल्या झोळीत. काही गावांत आता एखादी बाई महिन्याचे ठरावीक पैसे घेऊन पाच-सहा पोरं घरात सांभाळते. पाटी नाही, पावती नाही, पण ते पाळणाघरच आहे.

या मावशीला मूल सांभाळण्यासाठी कुणाची परवानगी लागते का? कुठलं प्रशिक्षण लागतं का? नाही. पाळणाघर चालवण्यासाठी म्हणून वेगळा परवाना देणारा कायदा महाराष्ट्रात नाही. गावात नाही आणि शहरातही नाही.

आता गावातल्याच दुसऱ्या धंद्यांकडे बघा. वडापावची गाडी लावायची तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. कृषी सेवा केंद्रात औषध विकायचं तर परवाना लागतो आणि त्यासाठी शेतीची किंवा विज्ञानाची पदवी किंवा पदविका मागतात. हा शिक्षणाचा नियम आला तेव्हा वर्षानुवर्षं दुकान चालवणाऱ्यांकडे पदवी कुठून असणार? म्हणून त्यांची दुकानं लगेच बंद केली नाहीत. मुदत दिली, पुढे ती वाढवलीही, आणि बारा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स करून घेण्याची सोय केली. त्याशिवाय खतं-बियाणं-औषधं विकणाऱ्यांसाठी ४८ आठवड्यांची 'देसी' पदविका आहेच. आठवड्यातून एक दिवस, रविवारी किंवा बाजाराच्या सुट्टीला वर्ग भरतो, शिवाराच्या भेटीही असतात. जिल्ह्यातल्या बऱ्याच दुकानदारांच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं दिसेल.

म्हणजे करायचं ठरवलं तर चालू धंदा न मोडता त्या माणसाला शिकवता येतं. हे सरकारला जमतं. मुलांच्या बाबतीत मात्र ते अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.

घडून गेल्यावरचा कायदा

कायदा अगदीच नाही असं नाही. पण तो नंतर येतो. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मारहाण केली, छळ केला किंवा जाणूनबुजून हयगय केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूल सांभाळण्यासाठी असलेल्या संस्थेतल्या माणसाने हे केलं तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत जातो. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा पोक्सो कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. अनाथ आणि निराधार मुलांसाठीच्या बालगृहाला नोंदणी सक्तीची आहे. पण आई-बाप कामावर गेल्यावर आठ तास ज्या घरात पोर राहतं, ते घर सरकारच्या कुठल्याच वहीत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आया मारत असल्याचं सीसीटीव्हीत दिसलं. राज्यभर संताप झाला, अटक झाली, पाळणाघरांना नियम हवेत अशी चर्चा झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर शाळांमध्ये सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचे आदेश निघाले. २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक वर्गांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. हे चांगलं पाऊल आहे. पण त्यात तीन ते सहा वर्षांची, बालवाडी-नर्सरीतली पोरं येतात. तीन वर्षांखालचं मूल, ज्याला बोलून काही सांगताही येत नाही, ते पुन्हा बाहेरच राहतं.

राष्ट्रीय बाल हक्क आयोगाची खासगी प्ले-स्कूलसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी बाई, तीन वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नाही, असं त्यात लिहिलंय. कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी केंद्राने २०१८ मध्ये किमान निकष काढले. त्यात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई सांगितली आहे. वाचायला दोन्ही बरं वाटतं. पण तत्त्व म्हणजे कायदा नव्हे. राज्याने नियम करून अंगावर घेतल्याशिवाय ती कुणाला बांधत नाहीत.

५० कर्मचाऱ्यांची अट आणि बागेतली बाई

पाळणाघराची सक्ती कुणावर आहे? मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० चाच आकडा आहे. एमआयडीसीतल्या मोठ्या कंपनीला हे लागू होईल. पण बागेत आज पंधरा बाया असतात, उद्या बारा. मुकादम वेगळा, बागायतदार वेगळा, आणि 'कर्मचारी' म्हणून कागदावर कुणीच नाही. त्यांच्या पोरांचं काय, याचं उत्तर त्या आकड्यात सापडत नाही.

रोजगार हमीच्या २०० ५ च्या कायद्यात एक साधी, शहाणी तरतूद होती. कामावर आलेल्या बायांबरोबर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यातल्याच एका बाईने ती सांभाळायची आणि तिला बाकीच्यांइतकीच मजुरी द्यायची. सांभाळणं हे काम आहे, ते फुकट नाही, हे कायद्याने मान्य केलं. ती बाई शिकलेली असावी की नाही, हा मुद्दा मात्र त्यातही राहून गेला.

अंगणवाडीवर किती लादणार?

कुणी म्हणेल, गावात अंगणवाडी आहे की. आहे, राज्यात एक लाखाहून जास्त आहेत. पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि बाग सुटते संध्याकाळी. शिवाय सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. ते मूल दिवसभर तिथं ठेवायची सोय नाही.

सेविकेच्या नेमणुकीचे नियम कडक झालेत हे खरं. फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयापासून किमान बारावी पास, वय १८ ते ३५ (विधवा असेल तर ४०), आणि त्याच गावची रहिवासी ही अट आहे. प्रशिक्षणाचं चित्र उलटं आहे. नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये सांगितलं होतं, बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्या सेविकेला एक वर्षाची पदविका. मे २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' सुरू झालं, त्यात सेविकांना प्रत्यक्ष मिळालं तीन दिवसांचं प्रशिक्षण. सहा महिने कुठे आणि तीन दिवस कुठे! पुढे केंद्राने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'नवचेतना' आणि वरच्यांसाठी 'आधारशिला' असे दोन चांगले आराखडे आणले. पण ते पुस्तक उघडायला सेविकेला वेळ हवा ना. पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, मतदार यादीचं काम आणि २०२४ मध्ये तर लाडकी बहीणचे अर्जही तिनेच भरले. तिच्याच गळ्यात आणखी पाळणाघर बांधायचं म्हणजे मूळ कामही बुडणार.

यावर केंद्राचा उपाय म्हणजे मिशन शक्तीमधली 'पाळणा' योजना. अंगणवाडीलाच जोडून दिवसभराचं पाळणाघर, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास, सहा महिने ते सहा वर्षांची २५ मुलं. त्यासाठी वेगळी पाळणाघर सेविका आणि वेगळी मदतनीस. योजना गरजेची आहे, यात वादच नाही. पण मानधन ठरलं सेविकेला ५,५०० आणि मदतनिसाला ३,००० रुपये. २६ दिवसांनी भागा. सेविकेला दिवसाला दोनशे रुपयांच्या जरा वर आणि मदतनिसाला सव्वाशेच्याही आत पडतात. बागेतला रोज यापेक्षा जास्त आहे. मग चांगली, हुशार बाई तान्ही पोरं सांभाळायला येईल की थिनिंगला जाईल?

नियम आले तर कुणाचं दार बंद होईल?

परवान्याची मागणी करताना एक धोका ओळखायला हवा. शहराच्या मापाने नियम शिवले की सीसीटीव्ही, पक्की इमारत, अग्निशमनचा दाखला, स्वतंत्र स्वच्छतागृह अशी यादी येते. ही यादी नाशिक शहरातल्या पाळणाघराला झेपेल. सुरगाण्यातल्या मावशीला झेपणार नाही. ती काम बंद करणार नाही, फक्त लपून करेल. किंवा पोरं पुन्हा बागेत जातील, जिथं झोळीच्या बाजूला फवारणीचा ड्रम असतो.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी शिकवा, मग नोंद करा, आणि इमारतीच्या अटी सगळ्यात शेवटी. नोंद कुठे करायची यासाठी नवं कार्यालय उघडायची गरज नाही. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव, हे शासन निर्णयाने ठरलेलं आहे. गावात पैसे घेऊन पोरं कोण सांभाळतं, किती सांभाळतं, घरात आणखी कोण राहतं, एवढी एक वही त्या समितीने ठेवली आणि पोलीस पाटलाने घरातल्या माणसांची चौकशी केली तरी आजच्या शून्यापेक्षा खूप झालं. सेविकेवर आणखी एक वही नको असेल तर ती ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याने ठेवावी.

आणि शिकवायचं काय? रंग आणि गाणी नंतर. आधी जीव वाचवणं. शेंगदाणा किंवा चण्याची डाळ घशात अडकली तर बाळाला कसं धरायचं आणि पाठीवर थाप कुठे द्यायची. जुलाब लागले की ओआरएस किती पाण्यात करायचं आणि कोणत्या खुणा दिसल्या की थेट आरोग्य केंद्र गाठायचं. ताप चढून झटका आला तर तोंडात चमचा घालायचा नाही. तान्ह्याला उताणं झोपवायचं, पालथं नाही. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद इतका निसरडा असतो की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. घरापासून तळ्यापर्यंतच्या वाटेला फाटक हवं आणि तळ्याला कुंपण हवं, हे सांभाळणारीला आणि बागायतदाराला दोघांनाही शिकवावं लागेल. छाटणीनंतर डोळे फुटायला काडीला लावतात ते हायड्रोजन सायनामाइड किती जहाल असतं, हे लावणाऱ्याला माहीत असतं. पण मिश्रणाचा मग घरी आल्यावर कुठे ठेवला जातो? उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय अजून गेलेली नाही, आणि बाटली पोराच्या हाताला लागायला वेळ लागत नाही.

एवढं शिकायला सहा महिनेही लागत नाहीत. आठवड्यातून एक दिवस, प्राथमिक आरोग्य केंद्रात, आशा आणि आरोग्यसेविकेच्या मदतीने, दोन-तीन महिन्यांत होईल. 'देसी'चं वेळापत्रक पुढ्यात आहेच. त्या दिवसाची मजुरी बुडते, ती भरून दिली पाहिजे. नाहीतर पहिल्या वर्गाला दहा बाया आणि चौथ्याला दोन, असं होईल.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न ग्रामसेवक पहिल्याच मिनिटाला विचारेल. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर गेले, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे. खुर्च्या, शिलाई मशीन की एखादा सत्कार? मोठ्या उत्पन्नाच्या गावाला त्यात एक प्रशिक्षण सहज बसेल. पेठ-सुरगाण्यातल्या लहान ग्रामपंचायतीला स्वतःचं उत्पन्नच तुटपुंजं, तिथं जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीला हात सैल करावा लागेल. आणि ज्यांच्या बागा याच बायांच्या हातांवर उभ्या आहेत, त्या निर्यातदार आणि पॅकहाऊसवाल्यांकडेही हा विषय न्यायला हरकत नाही. परदेशी गिऱ्हाईक द्राक्षाच्या पेटीबरोबर औषधाच्या अंशाचा दाखला मागतं, तो वेळेत मिळतोच.

नियम येईपर्यंत ज्यांचं पोर आज कुणाकडे राहतं, त्यांनी अधूनमधून न सांगता मध्येच जाऊन यावं. घरात कोण कोण पुरुषमाणसं असतात ते विचारायला लाजू नये. एकटी बाई तीन वर्षांखालची किती पोरं सांभाळते ते मोजावं. केंद्राचा निकष दहाचा आहे, पण स्वयंपाक आणि घरकाम करता करता एकटीला दहाही जास्तच होतात. पोराच्या अंगावर खुणा दिसल्या, ते त्या घरी जायला अचानक घाबरू लागलं, तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.