राउटर हॉलमध्ये, आपण स्वयंपाकघरात

वाकडच्या सोसायट्यांत नवं बिऱ्हाड आलं की गॅसच्या खालोखाल इंटरनेटची चौकशी होते. ‘१०० एमबीपीएस’ असं सांगितलं जातं. हा आकडा बिटचा. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी, तेही फायबर राउटरला मिळतं तिथपर्यंतच. पुढे वाय-फाय. त्याचा ५ गिगाहर्ट्‌झचा वेगवान पट्टा भिंतींपुढे लवकर नमतो, २.४ चा लांब पोचतो, पण धिम्या गतीनं. आणि राउटर कुठे? हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. ओट्याच्या कडेला लॅपटॉप ठेवून नोकरी करणाऱ्या बाईच्या वाट्याला दोन भिंतींपलीकडचं उरलंसुरलं येतं. पैसे मात्र पुरत्या शंभराचे!

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर अपलोड फारच तुटपुंजं असतं, आणि घरून शिकवण्या घेणारीला तेच हवं असतं. फायबरवर दोन्ही वेग सारखे मिळू शकतात. जोडणी घेतानाच विचारावं.

याच घरांत धुणीभांडी करणाऱ्या कित्येकजणींकडे असतो तो फक्त मोबाइल. त्याचा वेग टॉवरवरच्या गर्दीत वाटला जातो. पण तो फोन तरी तिच्या हाती असतो का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ६१.५ टक्के होते, स्त्रिया ३८.

मैत्रिणींनो, वेग तपासाल तेव्हा राउटरजवळ उभ्या राहू नका. आपण जिथे बसतो तिथे, रात्री नऊला, सगळं घर जागं असताना तपासा.