इशारा कोणासाठी?

कोकण रेल्वेच्या मार्गावर काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पूर-इशारा यंत्रणा आहे. पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावती येथे वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आहेत. तंत्र म्हणून यात थक्क होण्यासारखे काही नाही. पाण्याने धोक्याची पातळी ओलांडली की अधिकाऱ्यांना कळते, आणि पुढे गाडी थांबवायला सिग्नल, स्टेशन मास्तर आणि नियम आधीपासूनच हजर असतात. याच सावित्रीवरचा महाडजवळचा ब्रिटिशकालीन रस्तापूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह काही वाहने नदीत गेली. तिथे सेन्सर असता तर, हा प्रश्न आपल्या सेन्सर जाळ्यांच्या क्षेत्रात हटकून विचारला जातो. आम्हाला त्यापुढचा प्रश्न जास्त अवघड वाटतो. त्या सेन्सरचा इशारा ऐन रात्री कोणाच्या फोनवर गेला असता, आणि महामार्ग बंद करण्याचा अधिकार त्या माणसाला होता का?

वायरलेस सेन्सर जाळ्यांवरचे बरेचसे शोधनिबंध माहिती गेटवेपर्यंत पोहोचली की संपतात. आमचे म्हणणे असे की इशारा घेणारा माणूस आधी ठरवावा, कारण बाकीचा आराखडा त्याच्यावरून ठरतो. आयआयटी कानपूरच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलेली रेल्वे पुलांसाठीची ‘ब्रायमॉन’ ही रचना पाहा. पुलाची कंपने मोजायची ती गाडी जाते तेव्हाच. मग नोड दिवसभर जागे कशाला ठेवायचे? गाडी येत असल्याचा संकेत मिळेपर्यंत ते झोपलेले असतात, मग कंपने नोंदवतात आणि ती नोंद नंतरच्या गाडीच्या हवाली करतात. चार एए सेल साधारण दीड वर्ष पुरतील, असा संशोधकांचा अंदाज होता. गोल्डन गेट पुलावर बर्कलीच्या गटाने ६४ नोड बसवले, तेव्हा ४६ टप्प्यांच्या जाळ्यातून माहिती सेकंदाला ४४१ बाइट या गतीने आली. कामगिरी अव्वलच, आणि पुलाची कंपने सवडीने अभ्यासायला ती गती चालते. पुराच्या रात्री मात्र लागते ती एवढीशी खबर, पण तत्काळ. त्या कामाला हीच रचना उचलून लावणे चुकीचे ठरेल.

यावर म्हटले जाते की रस्ता कोण बंद करणार हे प्रशासनाने पाहावे, संशोधकाने प्रोटोकॉल सुधारावा. पण किती मिनिटांचा उशीर चालेल आणि किती खोटे इशारे सहन होतील, हे आकडे प्रयोगशाळेत सापडत नाहीत. ते रस्ता बंद करणाऱ्यालाच विचारावे लागतात. ‘लांडगा आला’ चारदा ऐकल्यावर पाचव्यांदा कोणी जागचा हलत नाही, मग रेडिओ कितीही भरवशाचा असो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पीएच.डी.चा विद्यार्थी सरकारी खात्याच्या परवानगीसाठी किती वर्षे थांबणार? त्याने थांबूच नये. खात्याशी करार, बॅटरी बदलणे, पावसाळ्यानंतर खांबांवर चढून तपासणी, ही जबाबदारी विद्यार्थ्याच्या विद्यापीठ विभागाने घ्यावी, आणि एकामागून एक विद्यार्थ्यांनी त्याच पुलावर काम करावे. निधी देणाऱ्यांनीही उपकरणांच्या खर्चाशेजारी देखभालीसाठी वेगळी रक्कम धरावी. ती सहसा कुठेच दिसत नाही.

यापुढे आमच्याकडे निबंध पाठवताना एक परिच्छेद जरूर जोडा: इशारा कोणाकडे जातो, तो मिळाल्यावर ती व्यक्ती काय करते, आणि पहिल्या पावसाळ्यात किती नोड बंद पडले.